फार्क डॉट कॉम : खारीच्या फोटोवर टाकलेलं दुकान, अजून चालू आहे

फार्क ही विचित्र बातम्यांच्या लिंका देणारी अमेरिकन साइट, तिला पाचपैकी साडेतीन स्टार देतोय हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको की एवढं कौतुक केलंस मग दीड स्टार कुठे गेला. कुठे गेला ते येईल खाली.

२००६-०७ ची गोष्ट. मी पुण्यात रात्रपाळीला होतो, काम काय तर अमेरिकेतल्या लोकांचे प्रिंटर फोनवरून चालू करून द्यायचे. रात्री कंपनीची गाडी न्यायला यायची, सकाळी घरी सोडायची, आणि पहाटे चारनंतर कॉल कमी झाले की अख्खा फ्लोअर डोळे ताणून बसलेला असायचा. ऑर्कुट ब्लॉक, जीमेल ब्लॉक, क्रिकेटचा स्कोअरसुद्धा ब्लॉक. आणि माझ्या शेजारचा एक सिनियर मात्र रोज स्क्रीनकडे बघून एकटाच खुदुखुदु हसायचा. एकदा विचारलं काय वाचतोस रे, तर म्हणाला फार्क. मला ऐकू आलं फरक. मी आपला घराजवळच्या कॅफेत जाऊन फरक डॉट कॉम टाकतोय आणि काहीच सापडत नाहीये. दुसऱ्या रात्री त्याने कागदावर लिहून दिलं.

उघडलं तर काय, एक साधा तक्ता. डावीकडे बातमी कुठल्या पेपरची त्याचा लोगो, मग एक छोटंसं रंगीत लेबल, मग एक ओळ, आणि शेवटी किती लोकांनी कमेंट केल्यात तो आकडा. बास. फोटो नाही, काही हलत नाही, काही उघडझाप करत नाही. म्हणूनच बहुतेक आमच्या फायरवॉलला वाटलं असणार की ही कसली तरी सरकारी साइट आहे, सोडून द्या. पण त्या ओळी वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला मी पण शेजाऱ्यासारखा खुदुखुदु.

आता ही साइट मुळात काय होती ते सांगतो, कारण खरी मजा तिथेच आहे. ड्रू कर्टिस नावाचा अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला माणूस. त्याने १९९७ मधे फार्क डॉट कॉम हे नाव घेऊन ठेवलं, चार अक्षरांची नावं संपत चालली होती म्हणून. फार्क म्हणजे काय, तर इंग्रजीतली ती एफ वाली शिवी चॅटवर सभ्यपणे द्यायला तो जो शब्द वापरायचा तो. नाव घेतलं, पण त्यावर टाकायचं काय? काहीच नाही. मग वर्ष-दीड वर्ष त्या साइटवर फक्त एक फोटो होता. खारीचा. आणि त्या खारीचे अंडकोष डोळ्यात भरतील एवढे मोठे. (मराठीत खार स्त्रीलिंगी, त्यामुळे हे वाक्य कसंही लिहिलं तरी व्याकरण आणि प्राणिशास्त्र यांचं भांडण होणारच, मी सोडून दिलं.) कोणी पत्ता टाकून साइटवर आलं की खार बघायची, हसायचं, मित्राला सांगायचं आणि निघून जायचं. त्या काळात इंटरनेटवर अशा एक-विनोदी साइटी ढिगाने होत्या. एक पान, एक जोक, संपलं.

त्यातल्या जवळजवळ सगळ्या मेल्या. ही का नाही मेली?

कर्टिसला सवय होती मित्रांना विचित्र बातम्यांच्या लिंका मेल करायची. आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असा एक माणूस असतोच, तेव्हा मेल करायचा, आता सकाळी सकाळी व्हॉट्सअपवर पाठवतो. त्याला वाटलं की लोकांच्या इनबॉक्समधे रोज कचरा टाकण्यापेक्षा हे नाव पडूनच आहे तर त्यावर टाकू, ज्याला बघायचं तो बघेल. १९९९ ची सुरुवात. पहिली लिंक होती एका लढाऊ विमानाच्या पायलटची, जो दुसऱ्या पायलटला विमानातून ढुंगण दाखवायच्या नादात विमान पाडून बसला. म्हणजे बघा, साइटवरचा फोटो बदलला पण पातळी तीच राहिली, आणि मला वाटतं सगळं यश याच्यातच आहे. खारीसाठी येणारा माणूस पायलटसाठीपण थांबणारच ना. त्याने उद्यापासून एकदम गंभीर चर्चेचं व्यासपीठ वगैरे काढलं असतं तर कुत्रं फिरकलं नसतं.

मग लोकच त्याला लिंका पाठवायला लागले. इथून ती कम्युनिटी झाली. पण यातली मेख कुठे आहे ती नीट बघा. लिंक कोणीही पाठवू शकतो, पण लिंकेबरोबर हेडलाइन तुम्ही स्वतः लिहायची, पेपरची तशीच उचलायची नाही. आणि तीच बातमी दहा जणांनी पाठवली तर ज्याची हेडलाइन भारी त्याची लागते. पहिला कोण आला याला फारशी किंमत नाही. भराच्या काळात दिवसाला दोनेक हजार लिंका यायच्या आणि त्यातल्या अगदी थोड्या पहिल्या पानावर लागायच्या. निवडणार कोण, तर कर्टिस आणि त्याची अ‍ॅडमिन मंडळी. मतं नाहीत, वरचा बाण खालचा बाण नाही. सरळ सरळ मालकाची मर्जी.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, पुणेरी पाटी. जागा कमी, शब्द मोजके, वाचणाऱ्याचा थोडा अपमान, आणि लिहिणाऱ्याने कुठेही हसायचं नाही. फार्कची हेडलाइन अगदी तशी. त्यांचे काही ठरलेले साचे आहेत, ते कळले की जास्त मजा येते. एक साचा असा की आधी लिहायचं "न्यूज", मग साधी बातमी, आणि मग लिहायचं "फार्क", आणि त्यातली खरी भानगड. समजा माझ्या पद्धतीने मराठीत करायचं तर, न्यूज : चोराने एटीएम फोडलं. फार्क : शेजारचं पासबुक छापायचं मशीन. (हे मी आत्ता रचलंय, बातमी शोधत बसू नका.) दुसरा साचा म्हणजे कुठल्यातरी शास्त्रज्ञांनी बदकं कुठल्या पायावर जास्त वेळ उभी राहतात असलं काहीतरी संशोधन केल्याची बातमी असली की शेवटी जोडायचं, कॅन्सरवर औषध अजून नाही. हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या वेळा वापरलंय की आता ते नुसतं दिसलं तरी हसू येतं, घरातल्या जुन्या जोकसारखं.

आणि ती लेबलं. ऑब्व्हियस म्हणजे हे सांगायला पेपर कशाला हवा होता, आयरॉनिक, स्केअरी, हिरो, सॅड, डम्बॅस. एकीकडे ही सगळी विशेषणं आणि त्यांच्या रांगेत एकच राज्य उभं, फ्लोरिडा! बातमी फ्लोरिडाची असेल आणि त्यात कोणी मगर घेऊन दुकानात शिरलं असेल वगैरे, तर वेगळं लेबल लावायची गरज नाही, फ्लोरिडा एवढंच पुरे. "फ्लोरिडा मॅन" हा विनोद सोशल मीडियावर सगळीकडे झाला त्याच्या कितीतरी आधीपासून हे लेबल फार्कवर आहे. मला आधी वाटायचं तिथली माणसंच तशी असतील, नागपूरकडच्या उन्हाने होतं तसं काहीतरी (नागपूरकर, चहाला या, भांडू). नंतर कळलं की एक कारण कायद्याचं आहे. फ्लोरिडात सरकारी कागदपत्रं उघडी ठेवायचा कायदा जोरदार आहे, पोलिसांचे रिपोर्ट पत्रकारांना पटकन मिळतात, त्यामुळे तिथल्या येड्यांची बातमी होते, बाकीच्या राज्यातले येडे कागदातच दबून राहतात.

आता पैशाचं. फुकट वाचता येतं, जाहिराती असतात. पण टोटलफार्क म्हणून वर्गणीचा प्रकार आहे, मला माहीत झाला तेव्हा महिन्याला ५ डॉलर होता. त्यात मिळतं काय? तर न निवडलेल्या सगळ्या लिंका बघायला मिळतात. म्हणजे ज्या संपादकाने टाकून दिल्या त्या बघायला पैसे द्यायचे! मी हसलो होतो, म्हटलं हे म्हणजे खानावळीत निवडून टाकलेल्या भाजीचे वेगळे पैसे लावण्यातला प्रकार झाला. पण लोकांनी घेतलं, कारण पैसे दिले की तुम्ही आतले होता, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून गप्पा मारणारे. तेव्हाच्या माझ्या पगारात ५ डॉलर म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपये, मी नाही दिले, शेजारच्या सिनियरने दिले होते आणि तो मला मधून मधून दाखवायचा. टाकलेल्या लिंका खरंच टाकण्यासारख्याच होत्या, ते बघून संपादकांबद्दल आदर वाढला.

इथे माझं स्वतःचं दुःख सांगतो, त्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होणार नाही.

२००८ मधे आम्ही तिघा मित्रांनी एक साइट काढली. एकच पान, दर वेळी रिफ्रेश केलं की एक नवी पुणेरी पाटी, पिवळ्यावर काळी अक्षरं. सत्तरएक पाट्या टाकल्या होत्या, अर्ध्या खऱ्या, अर्ध्या आमच्याच. लोकांना जाम आवडली, ऑर्कुटवर फिरली, दोन आठवडे रोज आकडे बघून आम्ही हवेत. मग आमच्यातल्या एकाला (मला) वाटलं की आता याची कम्युनिटी करू, फार्कसारखी. लोक लिंका टाकतील, मराठी पेपरातल्या गमतीदार बातम्या, वरती मतं. मतं का ठेवली तर तेव्हा डिग जोरात होतं, रेडिट वर येत होतं, दोन्ही लोकांच्या मतांवर लिंका वर-खाली करणाऱ्या साइटी, आणि मला वाटलं निवडत कोण बसणार, लोकच निवडतील, लोकशाही आहे.

लोकशाहीने तीन आठवड्यात असा निकाल दिला : पहिल्या क्रमांकावर एका इसमाचा स्वतःचा प्लॉट विक्रीचा धंदा, कारण त्याने ऑफिसातल्या चौदा जणांना मतं द्यायला लावली. दुसऱ्या क्रमांकावर आमच्याच तिसऱ्या पार्टनरच्या बहिणीची पाककृती, ती काढा म्हणायची कोणाची हिंमत नाही. तिसऱ्यावर राज ठाकरे, चौथ्यावर राज ठाकरे, पाचव्यावर त्यावरून भांडण. पाट्या बघायला आलेला माणूस हे बघून दुसऱ्यांदा आलाच नाही. आणि हेडलाइन? सगळे पेपरातली तशीच्या तशी चिकटवायचे, कारण आम्ही स्वतः लिहाच असं कुठे म्हटलंच नव्हतं. मूळ माल पाटी होती, म्हणजे एका ओळीत टोमणा मारायची कला, आणि नेमकी तीच आम्ही लोकांकडून मागितली नाही. मागितली नुसती लिंक. लिंक काय, कोणीही देतं.

तेव्हा मला कळलं की कर्टिसने खार काढली पण खारीचा स्वभाव ठेवला होता. कमेंटमधे कोणी एफ वाली शिवी दिली की साइट आपोआप तिथे फार्क असं करून टाकते. आणि एखाद्या बातमीखाली "पहिली कमेंट माझी" म्हणून उड्या मारायला गेलं की ते शब्द गायब होऊन तिथे भलताच अचकट शब्द उमटायचा, आणि नवीन पोरगं सगळ्यांसमोर उघडं पडायचं. या छोट्या खोड्या आहेत पण त्यांच्यामुळे आत शिरलेल्या माणसाला कळतं की हे घर कसलं आहे. दर वर्षी सगळ्यात चांगल्या हेडलाइनची स्पर्धा असते, फोटोत खोडसाळ बदल करायच्या स्पर्धा असतात, लोक खरोखर गावोगावी पार्ट्यांना भेटतात. आणि लिंक पहिल्या पानावर लागली की एवढी माणसं एकदम तिकडे जायची की बिचाऱ्या छोट्या पेपरची साइट झोपायची, त्याला म्हणायचं फार्क झाली. शेजाऱ्याला फोन करून "चालतीये का रे तुमच्याकडे" विचारण्याचा तो काळ.

डिगचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. २०१० मधे नवीन रूप आणलं, लोक चिडून रेडिटवर गेले, आणि २०१२ मधे साइट किरकोळीत विकली गेली. फार्कनेपण २००७ मधे रूप बदललं होतं, तेव्हाही बोंबाबोंब झाली होती, आणि कर्टिसचं त्यावरचं उत्तर प्रसिद्ध आहे, अर्थ एवढाच की होईल सवय तुम्हाला. यावर कोणीही सोडून जाईल असं वाटतं ना? पण नाही गेले, ते वाक्यच साइटवरचा जोक होऊन बसलं. ते ऐकून घेतलं गेलं कारण मालक पहिल्या दिवसापासून असाच उद्धट होता. चितळ्यांच्या दुकानात दुपारी एक ते चार बंद म्हटल्यावर आपण कुठे मोर्चा काढायचो, चारला परत जायचो.

मालकाबद्दल अजून थोडं, कारण माणूस मजेशीर आहे. २०११ मधे एका पेटंटवाल्या कंपनीने एकदम बऱ्याच साइटींवर केस टाकली, त्यात याहू, रेडिट असली मोठी मंडळी आणि हा. पेटंट कसलं तर प्रेस रिलीज ईमेलने तयार करून पाठवायचं, ज्याचा फार्कशी काडीचा संबंध नाही. बाकीच्यांनी आपापलं मिटवलं, याने एक पैसा न देता मिटवलं आणि वर जाऊन २०१२ मधे टेड या भाषणांच्या व्यासपीठावर ती गोष्ट सांगितली, की असली केस जिंकायलासुद्धा २० लाख डॉलर आणि दीड वर्ष लागतं, म्हणून लोक गपगुमान पैसे देतात. मग २०१५ मधे गडी केंटकीच्या गव्हर्नरपदाला (म्हणजे आपल्याकडचं मुख्यमंत्रिपदच) अपक्ष उभा राहिला, उपगव्हर्नरपदाला बायको! पडला अर्थातच, पण साडेतीन टक्क्यांच्या वर मतं घेतली. खारीच्या फोटोवरून सुरू केलेल्या माणसाला एवढी मतं, आपल्याकडे डिपॉझिट जाणारे बरेच जण हे वाचून उसासा टाकतील.

आता तक्रारी. कमेंटी. हेडलाइनला पाच स्टार देईन पण खालच्या चर्चेला दोन. बरेच सभासद वर्षानुवर्षं तेच, तेच जोक, तीच भांडणं, आणि पॉलिटिक्सच्या टॅबमधे तर जाऊच नका, अमेरिकेतलं राजकारण आपल्याला आधीच कमी कळतं आणि तिथे वाचून अजून कमी कळायला लागतं. उत्तराखाली उत्तर अशी रचना नाही, सगळं एकाखाली एक सरळ लांब, त्यामुळे कोण कोणाला बोललं ते शोधत वर-खाली करायचं. बायकांबद्दलचे जोक हा तर जुना डाग होता, पंचविशीतली पोरं पहाटे काय बोलतात तसलं सगळं तिथे चालायचं. २०१४ मधे कर्टिसने नियमातच लिहिलं की बायकांचा द्वेष करणारं काही चालणार नाही. काही जण रागावले. मी तेव्हा वाचून मनात म्हटलं हे पाच वर्षं आधी करायला हवं होतं, आणि हेही मनात आलं की पाच वर्षं आधी मी स्वतः तसल्या जोकांना हसत होतो.

दुसरी तक्रार साइटची नाही, काळाची आहे. विचित्र बातमी शोधून आणणं ही तेव्हा मेहनत होती, आता फोन उघडला की विचित्रच बातम्या समोर येतात, सरळ बातमी शोधावी लागते. आपले मराठी पेपरसुद्धा फेसबुकवर "आणि मग जे घडलं" लिहून मोकळे होतात. फार्कची ओळ बरोबर उलटी असते, ती सगळं सांगून टाकते, लपवत काहीच नाही, त्यामुळे लिंक उघडायचीसुद्धा गरज पडत नाही. धंद्याच्या दृष्टीने हा मूर्खपणा असेल पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने हीच ती अर्ध्या स्टारची जागा जी मी कापणार होतो आणि नाही कापली.

नवीन कोणी जाणार असेल तर सांगतो. लॉगिन करायची घाई नको. फक्त मुख्य पान उघडा, चहा घ्या, ओळी वाचा. पहिले दोन दिवस निम्मे जोक कळणार नाहीत कारण संदर्भ अमेरिकेतले, तिसऱ्या दिवसापासून चालू होतं. फूडची टॅब चांगली आहे. स्पोर्ट्समधे क्रिकेटची अपेक्षा ठेवू नका.

तो सिनियर आता कॅनडात आहे, अजून वाचतो, कधीतरी पहाटे (त्याच्या दुपारी) मला एखादी ओळ पाठवतो, खाली काही लिहीत नाही.

आमच्या साइटचं डोमेन मात्र मी दर वर्षी रिन्यू करतो, बायको विचारते कशाला, मला सांगता येत नाही. लिंका, मतं, राज ठाकरे, पाककृती, सगळं केव्हाच काढून टाकलं. आता तिथे एकच पाटी आहे, पिवळ्यावर काळी : "येथे काहीही मिळत नाही. तरी आलात."